उपाशी ठेवलेल्या डिश

दोष सरांचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे भुताखेतासारखं काही आलं की लोक सगळं त्याच्या माथी मारून मोकळे होतात. मेलेल्या माणसावर खापर फोडायला काय लागतं? आमच्या विभागात तर ते त्याच्या जिवंतपणीच फोडून झालं होतं.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक. चार वर्षांत त्यांनी मला दाखवलेला मार्ग एकच, त्यांच्या केबिनपासून झेरॉक्स मशीनपर्यंतचा. पण फॉर्मवर मार्गदर्शक असं छापलेलं होतं, म्हणून म्हणायचं.

काम वाढत्या उंदरांच्या यकृताचं होतं. आईच्या पोटातलं पिल्लू, कालच जन्मलेलं, पंधरा दिवसांचं आणि पूर्ण वाढलेला उंदीर, अशा चार वयांच्या यकृतातल्या पेशी सुट्या करायच्या. प्लास्टिकच्या चपट्या डिशमध्ये लाल रंगाचं पातळ मीडियम घालून त्या वाढवायच्या आणि त्यांच्यातल्या एका एन्झाइमचं काम दर चार तासांनी मोजायचं. हे एन्झाइम मोठं लहरी. पिल्लू पोटात आहे तोवर ते झोपलेलं असतं. जन्म झाला की काही तासांत जागं होतं आणि पुढे आयुष्यभर जेवणाच्या वेळेला बांधलेलं राहतं. उंदीर जेवला की चढतं, मग सावकाश उतरतं.

सरांचा सिद्धांत असा, की त्याला जागं करायला बाहेरून हार्मोन लागतं. हार्मोन नसेल तर न जन्मलेल्या पिल्लाच्या पेशी डिशमध्ये कितीही दिवस ठेवा, एन्झाइम डोळे उघडणार नाही. हे त्यांनी छापून टाकलं होतं. आकडे मागाहून मी आणायचे होते.

मी आणले. हार्मोनचा थेंबही न घालता एन्झाइम जागं झालं होतं.

सरांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. मग म्हणाले, पिल्लं जन्माच्या तोंडावर आलेली असणार, मामांनी कार्डावर तारीख चुकीची टाकली असणार.

मामा अ‍ॅनिमल हाउस सांभाळायचे. इमारतीच्या मागे, दोन दारं ओलांडून गेलं की त्यांचं राज्य. एकतीस वर्षं. प्रत्येक पिंजऱ्याला एक कार्ड, त्यावर मादी कधी गाभण राहिली ती तारीख, निळ्या शाईत, एकाचा आकडा नऊसारखा वाटणार नाही अशा अक्षरात. रोज दुपारी चारला खाण्याच्या डब्यावर माप दोनदा वाजवायचे. टण, टण. सगळे उंदीर जाळीला येऊन उभे राहायचे. माझी चहाची वेळही त्याच आवाजावर ठरलेली होती.

त्यांच्यात एक खोट होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. काही प्रयोगांसाठी उंदीर आदल्या दिवसापासून उपाशी ठेवावे लागतात. मामांना ते जमत नसे. पिंजऱ्यावर ‘उपाशी’ अशी पाटी लावून आपण घरी गेलो, की हे गुपचूप मूठभर घालून यायचे. सरांचा एक अख्खा प्रयोग त्यांनी असा जेवू घालून बुडवला होता. झापलं तेव्हा म्हणाले होते, “मरायला निघालेल्याला उपाशी पाठवू नये, साहेब.” सरांनी तो राग नऊ वर्षं लोणच्यासारखा मुरवला होता.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यात माझं तोंड काळं आहे. त्या दिवशी पोटातून काढलेली पिल्लं मी स्वतः तोलली होती. वजन भरलं दोन ग्रॅमच्या जरा वर. जन्माच्या तोंडावरचं पिल्लू पाच ग्रॅमचं असतं. म्हणजे कार्ड बरोबर होतं. माझ्या वहीच्या पानावर तसं लिहिलेलंही होतं. सरांनी ते पान नव्याने लिहायला सांगितलं, वजनाचा रकाना वगळून. आणि शेजारी एक निवेदन, की कार्डावरची तारीख चुकीची असल्याचं माझ्या लक्षात आलं.

मी दोन दिवस टाळलं. घरी फोन केला. बाबा म्हणाले, मोठ्यांशी जुळवून घ्यावं, आपलं काम काढून घ्यावं. बाबांनी जन्मभर तेच केलं आणि काम काही निघालं नाही. प्रयोगशाळेत माझ्या पुढच्या टेबलावर ताई बसायची. सहावं वर्ष, डोक्यात पांढरे केस, हाताखाली प्रबंधाचे तीन अर्धवट खर्डे. ती म्हणाली, “एक सही तर मागतायत. जीव मागतायत का तुझा?”

मी सही केली.

मामांना निवृत्तीला दोन महिने असताना काढलं. फाइलीवर शेरा पडला, कामात गंभीर हलगर्जी. त्यांनी वाद घातला नाही. शेवटच्या दिवशी सगळे पिंजरे धुतले, एक मादी त्या दिवशी गाभण राहिलेली दिसली तिचं कार्ड लिहिलं, चारला डबा वाजवला आणि गेले. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाले, “जेवलात का, छोटे साहेब?”

अकराव्या दिवशी ते वारले. मामी ताईला सांगत होत्या, की घरी आल्यापासून त्यांनी अन्न सोडलं होतं. ताट पुढे ठेवलं की बाजूला सरकवायचे आणि म्हणायचे, आधी त्यांचं होऊ दे. मी भेटायला गेलो नव्हतो. कोणत्या तोंडाने जाणार होतो?

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपाटात हातमोजे शोधत होतो आणि मागे कोळशाच्या भुकटीची बाटली सापडली. तिचं सील शाबूत होतं. मी बाटली उजेडात नेऊन सील पुन्हा तपासलं.

कारण सांगतो. मीडियममध्ये सीरम घालावं लागतं. ते वासराच्या रक्ताचं असतं आणि त्यात वासराची स्वतःची हार्मोन्स असतात. म्हणून आधी ते कोळशाने धुवायचं. भुकटी टाकून ढवळायचं, गाळायचं, पुन्हा तेच. दोन दिवस जातात. मी हे विचारलं होतं, तेव्हा सर म्हणाले होते, “राजा, एवढ्याने काय होतंय? वेळ घालवू नकोस.” बाटली उघडलीच गेली नव्हती. हार्मोन आम्हीच घातलं होतं, न धुतलेल्या सीरममधून. सिद्धांत खोटा नव्हता आणि तारीखही खोटी नव्हती. घाई खोटी होती, आणि ती सरांची होती.

मी ठरवलं, हे सिद्ध करायचं. रडून मामा परत येणार नव्हते, पण फाइलीवरचा शेरा उतरवता आला असता. ‘हलगर्जी’ हा शब्द त्या माणसाच्या नावापुढे मी राहू देणार नव्हतो.

मी सीरम धुतलं. मामांनी शेवटचं कार्ड लिहिलेली मादी एकोणीस दिवसांची गाभण झाली तो दिवस नेमका तीन सुट्ट्यांच्या आदला होता. पिल्लं काढली, तोलली, एकेक सव्वादोन ग्रॅम. त्या पेशींच्या छत्तीस डिश लावल्या. अठरा धुतलेल्या सीरमच्या, अठरा न धुतलेल्या. न धुतलेल्यांत एन्झाइम चढलं आणि धुतलेल्यांत झोपून राहिलं, की काम फत्ते. आई तीच, तारीख तीच, फरक फक्त कोळशाचा.

एक अट होती. तीन दिवस मीडियम बदलायचं नाही. आमच्याकडे मीडियम बदलण्याला पेशींना खायला घालणं म्हणतात. नवं घातलं की नवं सीरम जाणार, मग ताळमेळ राहत नाही. त्यामुळे डिश उपाशी ठेवायच्या होत्या. पेशी खात जातात तसं लाल मीडियम नारिंगी होतं, मग पिवळं. पिवळं म्हणजे भूक.

डिश उबेत ठेवायच्या कपाटाच्या, म्हणजे इनक्युबेटरच्या दारावर मी कागद चिकटवला. ‘उपाशी. हात लावू नये.’

इमारतीत मी एकटा. बाहेरच्या दाराची किल्ली माझ्या खिशात. पेशींची खोली आतली, तिला खिडकी नाही, हवासुद्धा गाळण्यांमधून येते. धूळ नाही, वास नाही, फक्त पंख्याची एकसुरी घरघर. बाहेर ऊन आहे की पाऊस, काही कळत नाही. घड्याळ सांगेल ते खरं.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला दोन्हीकडची एकेक डिश काढून मोजली. एकला पुन्हा. न धुतलेल्यांत आकडा चढत होता, धुतलेल्यांत शून्य. मी खोलीत एकटाच हसलो.

चारला मी वही लिहीत होतो. टण… टण.

पाइप वाजला असेल. जुन्या इमारती वाजतात. मी लिहीत राहिलो. मग वास आला. ओल्या भुशाचा आणि दळलेल्या धान्याचा. त्या खोलीत तो यायला वाट नव्हती. एखादं मिनिट राहिला आणि गेला.

पाचला डिश काढली. धुतलेल्या सीरमच्या डिशमधलं मीडियम दुपारी नारिंगी झालेलं मी पाहिलं होतं. आता ते लाल होतं. ताजं, आत्ताच ओतल्यासारखं. आणि एन्झाइम जागं होतं.

मी स्वतःला शिव्या घातल्या. डिशची अदलाबदल झाली असणार, डोळ्यांवर झापड असणार. आकडा मात्र लिहिला.

दुसऱ्या दिवशी नऊला धुतलेल्यांचा आकडा उतरलेला होता, एकला पुन्हा शून्य. रंग पिवळा. मी इनक्युबेटरचं दार चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद केलं, पट्टीवर सह्या केल्या आणि समोर स्टूल टाकून बसलो. पावणेचार. दिवे सगळे चालू. भीती अंधारात वाटते असं ज्यांनी सांगितलं, त्यांना पांढऱ्या ट्यूबलाइटखाली कुणी बसवलेलं नसावं.

टण… टण.

या वेळी लांबून. मग पाय. रबरी चपला, आणि डावा पाय थोडा घासत टाकलेला. मामांचा डावा गुडघा दुखायचा. पहिलं दार… दुसरं दार… दोन्ही बंदच होती. वास दाट झाला. माझ्या उजव्या हाताला, खांद्याच्या अगदी जवळ, म्हातारा माणूस जिना चढून आल्यावर घेतो तसा श्वास. मी मान वळवली नाही. मला वळवता येत नव्हती असं नाही. मी वळवली नाही.

मग आवाज इनक्युबेटरच्या आतून आला. बारीक. प्लास्टिकचं झाकण उचलून शेजारी ठेवल्याचा. पुन्हा झाकण बसवल्याचा. मग पुढचं. कसली घाई नाही. मी मोजत होतो… सात… आठ… तेरा. तेरावर थांबलं.

धुतलेल्यांपैकी पाच डिश माझ्या मोजण्यात गेल्या होत्या. आत तेराच उरल्या होत्या.

चिकटपट्टी जशीच्या तशी होती, माझ्या सह्यांसकट. मी ती फाडली. वरच्या फळीवरच्या तेराही डिश लालभडक. खालच्या फळीवरच्या, न धुतलेल्या, पिवळ्या. त्यांना हात लागला नव्हता. त्यांना हार्मोन मिळालं होतं, त्या मामांच्या दृष्टीने जेवलेल्या होत्या. पाचचा आकडा कालच्यापेक्षा वर.

मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो. ऊन होतं. मला राग येत होता. ज्याच्यासाठी मी हे शून्य मागत होतो, तोच माणूस रोज चारला येऊन ते बुडवत होता. त्याला कळत नव्हतं, किंवा कळूनही राहवत नव्हतं. पाटीवर ‘उपाशी’ लिहिलेलं असताना गप्प घरी जाणं त्याला कधीच जमलं नव्हतं. घरी पळून जावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एकदा सही करून मी पळालोच होतो. दुसऱ्यांदा पळणार नव्हतो.

तिसऱ्या दिवशी चारच्या आधी मी स्टुलावर बसलो नाही. इनक्युबेटरला पाठ लावून उभा राहिलो.

टण… टण.

चपला आल्या. वास आला. माझ्यासमोर, हातभर अंतरावर, थांबलं कोणीतरी. मला कुणी दिसलं नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात समोरची भिंत होती, सिंक होतं, हात धुवायचा साबण होता.

“मामा,” मी म्हणालो. “आज नका घालू…”

श्वास तसाच चालू.

“तुमचं नाव स्वच्छ करायचंय. ती पिल्लं तशीही मेलेलीच आहेत… आज त्यांना उपाशी राहू द्या.”

मी थांबलो. ते गेले नाहीत. मला कळलं, का जात नव्हते. त्यांच्या हातात भरलेलं माप असणार. एकतीस वर्षांत मामांनी भरलेलं माप परत डब्यात ओतलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कुणाच्या तरी पुढ्यात रिकामं झाल्याशिवाय ते माप घरी जात नसे.

“कुणाला घालायचंच असेल,” मी म्हणालो, “तर मला घाला.”

माझ्या तोंडात भुसा आला. म्हणजे चव. कोरडं दळलेलं धान्य, जिभेला चिकटणारं, आणि त्यामागे ओला भुसा. मी थुंकलो, सिंकमध्ये काही पडलं नाही. पोट हळूहळू भरत गेलं, मूठ मूठ करत, आणि मी पाठ लावून उभाच राहिलो, कारण बाजूला झालो असतो तर ते आत गेले असते. किती वेळ, माहीत नाही. मग चपला वळल्या. घासत घासत, पहिलं दार, दुसरं दार.

पाचला डिश काढली. पिवळी. आकडा शून्य. न धुतलेल्यांचा आकडा वर होता तो वरच होता.

सुट्ट्या संपल्यावर ताईने वही चाळली. तिला मी सगळं सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. फक्त इतकं म्हणाली, की पहिले दोन दिवस काढून टाक, तिसरा दिवस पुरेसा आहे, सगळे हेच करतात. बरोबर बोलत होती. दोन पानं फाडली की मामा सुटले, सर अडकले, मी पास. पण एक पान मी आधीच बदललं होतं आणि त्या पानाने माणूस मेला होता. मी तिन्ही दिवस दिले. सोबत वजनाचं मूळ पान दिलं, जे मी फाडून घरी ठेवलं होतं, आणि निवेदन खोटं असल्याची कबुली.

चौकशी समिती बसली. तीन म्हातारे, तिघांना एकमेकांच्या भानगडी माहीत. सर शांतपणे म्हणाले, धुतलेल्या सीरममध्येही दोन दिवस एन्झाइम चढलंय, मग सीरमचा दोष कुठे सिद्ध होतो? मी म्हणालो, होत नाही. चढण्याचं कारण विचारलं, तर मी म्हणालो, कुणीतरी खायला घातलं. कोणी, ते त्यांनी विचारलं नाही. मग मी वजनाचं पान पुढे सरकवलं. दोन ग्रॅमचं पिल्लू पाच ग्रॅमचं आहे असं तिघांपैकी एकालाही म्हणता येईना.

मामांच्या फाइलीवरचा शेरा काढला. मामींना तसं पत्र गेलं. सरांना तोंडी समज दिली, म्हणजे चहा पाजून सोडलं. ते अजून त्याच केबिनमध्ये आहेत. खोटं निवेदन दिलं म्हणून माझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द झाली. ते योग्यच होतं.

याला सात महिने झाले. मी आता एका गोदामात खोकी बांधतो. आई ताट वाढते, मी तिच्या समाधानासाठी चार घास गिळतो. एकदा ती आठवडाभर मावशीकडे गेली, तेव्हा पाहू तरी म्हणून मी काहीच खाल्लं नाही. सात दिवस. वजन तेवढंच भरलं. पुढे एकदा रक्त तपासलं, चौदा तास उपाशी राहून, संध्याकाळी पाचला. नर्सने कागद पाहिला आणि जरा रागावूनच म्हणाली, जेवून आलात ना? आम्ही उपाशीपोटी यायला सांगितलं होतं.

रोज चारला तोंडाला भुशाची चव येते. गोदामात कुठे डबा नाही, माप नाही. तरी दोनदा वाजतं, आणि मी कुठेही असलो तरी उठून भिंतीपाशी जाऊन उभा राहतो.

पदवी गेली. आणि सुट्टीच्या त्या तिसऱ्या दिवसापासून मला एकदाही भूक लागलेली नाही.